डोळ्यातला खवा

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. जुनी माणसं माझं वय याहून जास्त सांगायची, पण ती आता सांगायला राहिली न्हाईत, म्हणून एकाहत्तर. त्या सालच्या उन्हाळ्यात आमच्या भट्टीमागच्या खोलीत सुलभाबाई भाड्यानं आल्या, आणि मला शिकवायला बघणारं माणूस जळकोटात दुसऱ्यांदा आलं. पहिले आमचे मास्तर. त्यांची म्या तिसरीतच सुटका केली होती.

माझा धंदा खव्याचा. हायवेला लागून भट्टी, त्यावर दोन कढया, सगळं बापाच्या हातचं. आमचा खवा तुळजापूरच्या पेढेवाल्याकडं जातो. देवीचं दर्शन घेऊन माणूस जो पेढा घरी नेतो, त्यात कुठंतरी जळकोटाचं दूध आटलेलं असतं, आणि ते म्या आटवलेलं असतं. भट्टीची एक रीत आहे. दूध कुणीबी ओतावं, जाळ कुणीबी सारावा, उलथणं कुणीबी फिरवावं, पण कढई उतरवायची वेळ एकच माणूस सांगणार. बाप होता तवर बापानं सांगितली, नंतर म्या. कच्चा उतरवला तर खवा दुसऱ्या दिवशी आंबतो, उशीर झाला तर लाल पडतो, आणि या दोन्हीच्या मधी जरा मान वळवून खोकण्याइतकीच सवड असते. ती वेळ डोळ्यानं धरायची. घड्याळाला ते काम येत न्हाय. पोराला, माधवला, ते कधीच आलं न्हाय. सुनेला, सविताला, येतं का ते म्या कधी बघितलं न्हवतं. बघायची गरज काय, मी उभा होतो की.

सुलभाबाई तुळजापूरच्या, पुजाऱ्याच्या घरातल्या. सगळी नोकरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. तुळजापूर सोडून जळकोटात कशाला आल्या म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "नवरात्रात आमच्या ओट्यावर इतकी माणसं झोपतात, की स्वतःच्या घरात शिरायला मला दर्शनाची रांग लावावी लागते." पण हे काय खरं कारण न्हवतं. खरं कारण वास. भट्टीचा वास आला की बाई जिथं असतील तिथं थांबायच्या, डोळे मिटायच्या आणि नाक वर करायच्या. म्हशीबी तसंच करतात, पण म्हशींना कोणी मॅडम म्हणत न्हाय.

बुटक्या होत्या. चष्मा जाड, तो कायम नाकाच्या शेंड्यावर. विनोद सांगायच्या आधी स्वतःच हसायच्या, त्यामुळं कितीतरी विनोद आम्हाला शेवटपर्यंत कळले न्हाईत. लग्न केलं न्हवतं. गावातल्या एका बाईनं, बायकांनाच अशी घाई असते, का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, "एकजण बघायला आला होता. मी नेमकी प्रयोगशाळेतून आले होते, अंगाला सडक्या अंड्यासारखा वास. तो चहा पण न पिता गेला. दुसरा कुणी येईपर्यंत मला त्या वासाची सवय झाली होती."

रोज एक पेढा खायच्या. एकच. पण त्या एका पेढ्याला चहाची आख्खी किटली संपेपर्यंत पुरवायच्या. आधी वास, मग रंग उजेडात धरून बघायचा, मग कडेनं उंदरानं कुरतडावं तसा कुरतडायचा. शेवटी कागद चाटायच्या, तेबी चारचौघांत.

पहिलं भांडण आमचं सोड्यावरून झालं. आल्यापासून आठवडाबी झाला नसंल. सकाळी भट्टीपाशी येऊन मला म्हणाल्या, "आबा, दूध पांढरं. कढई काळी. मग खवा तांबूस कुठनं होतो?"

"जाळानं."

"जाळ तर पाण्याला पण लागतो. पाणी का लाल होत नाही?"

म्या म्हणलं, "पाण्याला अक्कल नसती."

त्या हसल्या, आणि गेल्या. मला वाटलं, जिरली. दुपारी बघतो तर बाईंनी सविताला हाताशी धरून बाजूच्या चुलीवर दोन पातेली मांडलेली. माझंच दूध, सारखाच जाळ. एकात चिमूटभर खायचा सोडा. थोड्या वेळात सोड्याचं दूध गुळाच्या चहासारखं झालं, दुसरं आपलं पांढरं ते पांढरं. बाई म्हणाल्या, "जाळ दोघांना एकच होता की नाही, आबा? दुधात एक साखर असते. ती दुधातल्या प्रथिनाला चिकटते. चिकटली की हळूहळू रंग धरते. जाळानं घाई होते, सोड्यानं अजून घाई होते. पण मूळ काम त्या चिकटण्याचं. रंग फुकट येत नाही."

हे "रंग फुकट येत नाही" बाईंचं ठेवणीतलं वाक्य. कुणाची मिशी काळी झाली तरी हेच म्हणायच्या, आणि कुणाचं पोरगं शहरातून गोरं होऊन आलं तरी हेच.

म्या म्हणलं, "माझं दूध नासलं त्याचं काय?" बाईंनी दुधाचे पैसे देऊ केले. म्या घेतले न्हाईत. भांडण चालू ठेवायचं असलं तर हिशोब मिटवून चालत न्हाय.

बाईंनी मोठी पदवी याच गोष्टीवर घेतली होती, हे नंतर कळलं. माणसाच्या अंगात साखर जळते, तेव्हा तिच्यातनं एक उपद्रवी तुकडा सुटतो म्हणे. मिथाइलग्लायॉक्सल. हे नाव बाईंनी मला पाठ करायला लावलं, आणि म्या ते तुळजापूरच्या पेढेवाल्यावर टाकलं, तो आठ दिवस दबून होता. तर हा तुकडा साखरेपेक्षा लई चिकट. अंगात काम करणारे बारके बारके गडी असतात, पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. कुणी अन्न तोडायचं, कुणी जोडायचं, कुणी झाडायचं. हा तुकडा जाऊन बसतो थेट त्या गड्याच्या हातावर.

म्या म्हणलं, "मग गडी मरतो?"

"मेला असता तर बरं. दुसरा आणता आला असता. तो जागेवरच उभा असतो. हात चिकटलेला."

"चिकटला तर चिकटला. काम करंल की कसंबी."

बाई दुसऱ्या दिवशी परातभर शेंगा घेऊन आल्या, आणि एक वाटी काकवी. म्हणाल्या, "आबा, पैज. दोन्ही हाताची बोटं काकवीत बुडवा आणि या शेंगा फोडून दाणे वेगळे करा. सविता कोरड्या हातानं फोडेल. बघू."

मी काय मागं हटणारा. बोटं बुडवली. पहिली शेंग फुटली, टरफल अंगठ्याला चिकटलं. ते काढायला दुसरा हात लावला, तर दोन्ही हातांत टरफल. दाणे बोटाला, फोलपट दाढीला. मग माश्या आल्या. मग मुंग्या. हायवेवरनं जाणारे ट्रकवाले उतरून बघायला लागले. सविताची निम्मी परात झाली, माझ्या ताटात मोजून बघावं असं काही न्हवतंच. तिनं तोंडाला पदर लावलेला, पण खांदे हलत होते.

बाई ट्रकवाल्यांना समजावून सांगत होत्या, "बघा, गडी हजर आहे. हट्टाकट्टा आहे. मेहनत पण करतोय. काम मात्र शून्य."

म्या विचारलं, "अंगात हे असं चिकटलेलं धुवायला कुणी नसतं व्हय?"

पहिल्यांदाच माझा प्रश्न त्यांना आवडला असावा, चष्मा वर केला. "असतो. झाडूवाला असतो. हे तुकडे दिसले की उचलून टाकतो. पण साखर जास्त झाली की कचरा जास्त, झाडूवाला तेवढाच. आणि कधीकधी झाडूवाल्याचाच हात चिकटतो."

"मग?"

"मग आबा," बाई म्हणाल्या, "ग्रामपंचायत."

तपासणीचंबी असंच. मला साखरेचा आजार आहे हे डॉक्टरचं म्हणणं. माझं म्हणणं, डॉक्टरला धंदा आहे. आमच्याकडं तपासणीचं शिबिर लागलं, की माणसं दोन दिवस आधी गोड सोडतात, कारल्याचा रस पितात, मेथ्या चावतात, आणि शिबिरात पोट आत ओढून जातात. म्याबी गेलो. उपाशीपोटीची साखर आली एकदम झकास. कागद घेऊन मी थेट बाईंच्या दारात. त्यांनी वरची ओळ वाचलीच न्हाय. खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही तीन महिन्यांची. हिनं तुमचं सगळं सांगितलंय."

"मी दोन दिवस कारलं पिलोय."

"कळलं की. त्याच्या आधीचे पेढे पण कळले. साखर रक्तातल्या तांबड्या पेशीला चिकटते, ती पेशी जाईपर्यंत सुटत नाही. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी अंगण सारवलं, तर घर नवं होत नाही, आबा."

म्या कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणलं, पेशी खोटं बोलती. बाई म्हणाल्या, "पेशीला तुमच्यासारखं डोकं नसतं. ती कशाला खोटं बोलेल?"

दिवाळीनंतर पेढेवाल्याचा फोन आला. खवा लाल यायलाय. म्या म्हणलं, तुमच्या दुकानातला दिवा पिवळा आहे. दुसऱ्या खेपेला त्यानं आख्खा खवा परत पाठवला. निरोप दिला, आबा, तुमच्या बापापासनं घेतोय म्हणून दोनदा सांगतोय, तिसऱ्यांदा लाल आला तर मी मुरुम गावच्या भट्टीवाल्याला सांगणार.

मुरुमच्या. हे मला लागलं. आमच्या बापानं मुरुमच्या खव्याला कधी खवा म्हणलं न्हवतं.

म्या दोष शोधायला बसलो. म्हशीला नवीन पेंड घातली म्हणून पोराला बोललो. लाकूड ओलं म्हणून लाकूडवाल्याला बोललो. सविता जाळ जास्त सारती म्हणून तिला भट्टीवरनं उठवलं. ती म्हणाली, "मामा, एक सांगू? तुमी उशिरा उतरवायलाव."

माधव म्हणाला, "बाबा, थोडे दिवस तिला सांगू द्या की वेळ."

म्या म्हणलं, "मी मेल्यावर." आणि जेवलो न्हाय. म्हणजे ताटावरनं उठलो. नंतर पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला त्यांच्या खोलीसमोर बसवलं. पुढं पळसाच्या तीन पानांवर खव्याचे तीन गोळे. म्हणाल्या, "यातला एक तुमचा, एक सवितानं काल गुपचूप उतरवलेला, आणि एक मी मुद्दाम जास्त आटवलेला. सगळ्यात पांढरा कुठला?"

म्या नीट बघितलं. उजेडात धरून बघितलं. तिन्ही मला एका आईच्या पोटचे दिसले. म्या म्हणलं, "तिन्ही पांढरे. मला बनवताव काय?"

रस्त्यावरनं एक बाई बारकी पोरगी घेऊन चालली होती. सुलभाबाईंनी त्या पोरीला विचारलं. तिनं एका झटक्यात तीन बोटं तीन पानांवर ठेवली, हा पांढरा, हा थोडा लाल, हा चॉकलेट. आणि चॉकलेट उचलून पळाली.

मग म्या उरलेल्या दोन गोळ्यांचा वास घेतला. हे बाईंनी सांगितलं न्हवतं, माझ्या मनानं घेतला. एकाला गोड दुधाचा वास. दुसऱ्याला करपायच्या अलीकडचा, ओळखीचा. नाकानं सांगितलं. नाकाशी हुज्जत घालता येत न्हाय. तो माझा होता.

बाई यावेळी हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "डोळ्यात एक भिंग असतं, आबा. त्यात प्रथिनं गच्च भरलेली. ती जन्मापासनं तीच. रक्ताच्या पेशी बदलतात, कातडी बदलते, ही बदलत नाहीत. साखर चिकटली, की चिकटली. वर्षानुवर्षं चिकटत राहते, रंग धरत राहते. कढईत जे तासाभरात होतं, ते तुमच्या डोळ्यात सत्तर वर्षं मंद आचेवर चाललंय. तुमच्या डोळ्यात खवा झालाय."

म्या माझा गोळा पानावर परत ठेवला.

"आणि तो पण लाल," बाई म्हणाल्या. त्यांना एवढं बोलल्याशिवाय राहवलं न्हाय.

"पिकलेला डोळा सगळ्यांचाच असतो या वयात."

"असतो. तुम्ही पेढे खाऊन घाई केली. सोडा टाकल्यासारखी."

म्या उठलो. म्हणलं, डोळा माझा, कढई माझी, तुमी भाडेकरू. त्यानंतर बरेच दिवस मी बाईंशी बोललो न्हाय. त्या मात्र रोज यायच्या, उभ्या राहायच्या, नाक वर करायच्या, आणि "रामराम आबा" म्हणून जायच्या, जसं काही झालंच न्हाय. असल्या माणसावर राग धरायचा म्हणजे पाण्यावर काठी मारायची.

तिसरी खेप जायची होती. म्या ती पाठवली न्हाय. म्हैस आटलीय म्हणून कळवलं. म्हैस दाव्याला उभी राहून ऐकत होती.

शेवटी बाईंनीच पैज लावली. "एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करा. मग त्या डोळ्यानं तुमच्या हातचा खवा बघा. पांढरा दिसला तर मी जन्मात पेढा खाणार नाही. लाल दिसला तर कढई उतरवायची वेळ सविता सांगणार."

"आन् दुसरा डोळा?"

"तो पुराव्याला ठेवू."

डोळ्याच्या भीतीनं मी गेलो नसतो. डॉक्टरच्या सांगण्यानं तर न्हाईच. पण बाई बिनपेढ्याच्या कशा दिसतील, हे मला बघायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी म्या एक कढई उतरवली, त्यातला गोळा बाईंनी आमच्या फ्रिजात ठेवला आणि त्याला हात लावायचा न्हाय म्हणून सगळ्या घराला ताकीद दिली. साखर आटोक्यात आणल्याशिवाय डॉक्टर हात लावंना, तेवढ्यासाठी पेढे सुटले. त्यामुळं गोळ्याला वाट बघावी लागली, तो आंबला, आणि ऑपरेशनच्या तोंडावर मला नवा उतरवावा लागला. बाई म्हणाल्या, "बरं झालं. दोन वेळा हरायची संधी मिळाली."

पट्टी सुटून घरी आलो तेव्हा सवितानं दोन गोळे एका ताटात आणून ठेवले. एक माझा, एक तिनं त्या सकाळी उतरवलेला. बाई आल्या न्हाईत. सविताला म्हणाल्या होत्या, हरणाऱ्याचं तोंड बघायला गर्दी करू नये.

म्या जुना डोळा उघडा ठेवला. दोन्ही गोळे सख्खे भाऊ. मग तो झाकला आणि नवा उघडला.

सविताचा गोळा ताज्या चुन्यासारखा होता. माझा बाजूला बसला होता, विटेच्या चुऱ्यासारखा. मी डोळे अदलून बदलून बघितलं, लई वेळ. भिंत बघितली. ताट बघितलं. माझा सदरा बघितला, तो मी पांढरा म्हणून घालत होतो. मग ताट सविताला परत दिलं. तिनं विचारलं, "मामा, काय दिसलं?"

म्या म्हणलं, "ताट घासत जा जरा."

डॉक्टरनं महिनाभर धुराकडं जायचं न्हाय म्हणून सांगितलं. तेवढा महिना सवितानं भट्टी सांभाळली. पेढेवाल्याचा फोन आला न्हाय, म्हणजे खवा बरा जात होता. मी घरात बसून कढईचा आवाज ऐकायचो. बाई यायच्या, थेंब टाकले का विचारायच्या, पण पैजेचं अक्षर काढायच्या न्हाईत. मीबी न्हाय काढलं. महिना संपला की मी भट्टीवर जाणार, हे सगळ्या घराला माहीत होतं. जाऊन काय करणार, हे कुणी विचारत न्हवतं. माधव माझ्यापुढून जाताना चप्पलसुद्धा वाजू देत न्हवता.

महिना संपला त्याच दिवशी बाईंची भाची लातूरहून गाडी घेऊन आली. बाईंचे गुडघे गेले होते, एकटं राहणं जमंना. सामान काय, चार पुस्तकं आणि एक गाठोडं. सविता रडली. बाई तिला म्हणाल्या, "अगं, जळकोटहून लातूर काय लांब आहे का, वारा इकडून असला तर खव्याचा वास येईल." मला म्हणाल्या, "येते, आबा." म्या म्हणलं, "या." दुसरं काय म्हणणार.

गाडी हायवेला लागली. थोडं पुढं जाऊन थांबली. आणि मागं यायला लागली, उलटी, हायवेवर, ट्रकवाले शिव्या देतायत, भाची स्टेअरिंगला कवटाळून बसलेली. माझ्यापाशी येऊन काच खाली झाली. बाईंचं तोंड बाहेर आलं.

"आबा, उद्या वेळ कोण सांगणार, ते तुम्ही बोललाच नाहीत."

म्या विचारलं, "भट्टी कुणाची?"

"तुमची."

"मग झालं."

मागचा ट्रक भोंगा वाजवून वाजवून दमला होता. बाई माझ्याकडं बघत राहिल्या, आधी हसल्या, म्हणजे आता विनोद येणार असं मला वाटलं. पण आला न्हाय. नुसत्याच हसल्या. हसता हसता चष्मा ओठावर आला, तो वर न करताच गेल्या. नव्या डोळ्यानं मला गाडीचा नंबर वळणापर्यंत वाचता येत होता. त्यानंतर बाई मला दिसल्या न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीवर गेलो. कढईपुढं सविता उभी होती, ती मला बघून बाजूला झाली आणि उलथणं पुढं केलं. म्या ते घेतलं न्हाय. खाली लाकडापाशी बसलो. दूध आटत आलं, बुडबुडे जड झाले. सविता माझ्याकडं बघत होती, म्हणाली, "मामा, आता?"

म्या म्हणलं, "माझ्याकडं काय बघती. कढईत बघ."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "आता."

म्या जाळ मागं ओढला.